स्वप्नात दिसलेली अक्षरे



गेल्या माघातली गोष्ट. कॉलेजला चार दिवस सुटी होती म्हणून मी गावी गेलो होतो. दिवेलागणीच्या सुमारास ओट्यावर बसलो असता आबा आले. आबा म्हणजे आमच्या भावकीतले, वयाने माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. शिक्षण चौथीपर्यंत; पण माणूस कष्टाळू, आणि सहसा कोणाच्या दारी काही विचारायला न जाणारा. ते आले, बसले, तंबाखूची चिमूट मळत थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, एक इचारायचं व्हतं. पर हसू नका."

"हसायचं कशाला, आबा? बोला तुम्ही."

"तीन राती झाल्या. डोळा लागला की एकच कागद दिसतोय. पिवळाधम्म. बाकीचं काई वाचता येत न्हाई, पर तीन अक्षरं मातर साफ दिसत्यात. ए, कु आन् मॅ. मधी टिंबं. जाग आली की अंगाला घाम."

पुढची हकिकत अशी, की आबा शेजारच्या गावच्या एका जाणत्याकडे जाऊन आले होते. त्याने डोळे मिटून अर्थ सांगितला. 'ए' म्हणजे एक, 'कु' म्हणजे कुटुंब आणि 'म' म्हणजे मरण. एका कुटुंबात मरण आहे! उतारा करायचा तर काळा कोंबडा आणि एकवीसशे रुपये. आबांचे थोरले बंधू त्या वेळी अंथरुणाला खिळलेले. 'मरण' हा शब्द कानी पडताच घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले. वहिनींनी अन्न टाकले. आबांनी दावणीची शेळी विकायला काढली होती, आणि बाजाराला दोनच दिवस उरले होते.

त्या तीन अक्षरांचा खरा अर्थ काय निघाला, ते मी शेवटी सांगणार आहे. ज्यांचा तलाठ्याच्या दप्तराशी संबंध येतो, त्यांनी तो एव्हाना ओळखलाही असेल. पण आधी आपण हे पाहू, की स्वप्नातल्या अक्षराचा अर्थ लावायचा म्हणजे काय करायचे, आणि आजवर शहाण्या माणसांनी तो कसा लावला.

ही हौस आजची नाही. अलेक्झांडर, ज्याला आपण शिकंदर म्हणतो, त्याने इसवी सनापूर्वी ३३२ साली टायर नावाच्या शहराला वेढा घातला होता. हे शहर आजच्या लेबनॉन देशात समुद्रकाठी आहे. त्या काळी ते बेटावर होते. वेढा सात महिने चालला. शहर काही पडेना. तेव्हा शिकंदराला स्वप्न पडले, की सातुरोस आपल्या ढालीवर नाचतो आहे. सातुरोस म्हणजे ग्रीक लोकांच्या कथांतला अर्धा माणूस आणि अर्धा पशू असा एक वनचर. शिकंदराजवळ अरिस्टँडर नावाचा शकुन सांगणारा होता. त्याने त्या नावाची फोड केली: 'सा' आणि 'तुरोस'. ग्रीक भाषेत 'सा' म्हणजे 'तुझे', आणि 'तुरोस' हे त्या शहराचेच नाव. "महाराज, टायर तुझे आहे!" राजाला हुरूप आला, वेढा आवळला गेला आणि शहर पडले.

गोष्ट मोठी गंमतीची आहे. पण थोडा विचार करा. सात महिने ज्या राजाच्या डोळ्यांपुढे उठता-बसता ते एकच शहर होते, त्याच्या स्वप्नात त्या शहराचे नाव लपूनछपून आले, तर त्यात नवल कसले? दुसरे असे, की ही फोड ग्रीक भाषेतच जमते. हेच स्वप्न आपल्याकडच्या एखाद्या सरदाराला पडते, तर त्यातून ना 'तुझे' निघाले असते, ना शहराचे नाव. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शहर पडले ते सैन्याने समुद्रात भराव घालून बांध बांधला आणि आरमार आणले म्हणून पडले. स्वप्नाने धीर दिला असेल, पण बांधाचे दगड माणसांनीच वाहिले.

ही हकिकत आर्टेमिडोरस नावाच्या गृहस्थाने आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात होऊन गेला. स्वप्नांचे अर्थ सांगणे हा त्याचा धंदाच होता, आणि त्यावर त्याने पाच भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा सगळाच ग्रंथ आज आपण खरा मानणार नाही. पण त्याने आपल्या धंद्यातल्या लोकांना एक शिस्त घालून दिली होती, ती ऐकण्याजोगी आहे. अर्थ सांगण्याआधी माणसाची चौकशी करा, असे तो बजावतो. त्याचे नाव काय, धंदा काय, सवयी कोणत्या, प्रकृती कशी, घरची स्थिती काय, हे सारे विचारा. एकच स्वप्न दोघांना पडले तरी अर्थ एक नसतो. आबांच्या जाणत्याने ह्यातले काहीच विचारले नव्हते. फक्त एवढेच विचारले, की घरी कोणी आजारी आहे का!

आता संक्षेपाची, म्हणजे शब्दाऐवजी लिहायच्या एकदोन अक्षरांची, एक प्रसिद्ध कथा सांगतो. रोमचा राजा कॉन्स्टंटाइन. सन ३१२, ऑक्टोबर महिना. रोम शहराबाहेर, टायबर नदीवरच्या पुलापाशी लढाई व्हायची होती. त्या काळचा लॅक्टँटियस नावाचा लेखक सांगतो, की राजाला स्वप्नात आज्ञा झाली: सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताची खूण काढ. ही खूण पुढे दोन ग्रीक अक्षरांच्या रूपाने जगभर गेली. एक अक्षर आपल्या फुलीसारखे, आणि दुसरे उभ्या काठीला डोक्याशी गोल काढावा तसे. 'ख्रिस्त' हा शब्द ग्रीकमध्ये लिहिताना ही पहिली दोन अक्षरे येतात. युसेबियस नावाच्या दुसऱ्या लेखकाने हीच हकिकत वेगळ्या तऱ्हेने सांगितली आहे. ते असो. कॉन्स्टंटाइन लढाई जिंकला, आणि जगाच्या इतिहासाला वळण लागले.

पण गंमत अशी, की हीच दोन अक्षरे ग्रीक लेखनिक पूर्वीपासून वापरत होते. पोथीत एखादा मजकूर कामाचा वाटला, की समासात ते ही खूण करीत. तिथे तिचा अर्थ 'उपयुक्त' एवढाच. म्हणजे पाहा, खूण तीच. लेखनिकाला ती 'हे टिपून ठेव' म्हणून सांगत होती, आणि राजाच्या सैनिकाला ती देवाचे नाव सांगत होती. अक्षराचा अर्थ अक्षरात भरून ठेवलेला नसतो. वापरणाऱ्यांनी तो ठरवलेला असतो.

आपल्या मराठीतच पाहा ना. संक्षेपांचा आपल्याकडे केवढा भरणा! पत्राच्या मायन्यात 'सा. न. वि. वि.', पत्त्यावर 'मु. पो.', शेवटी 'ता. क.'. नावाआधी 'श्री.', 'सौ.', 'चि.', 'कै.'. 'ता.' हे अक्षर पत्राच्या डोक्यावर आले तर तारीख, आणि पत्त्यात आले तर तालुका. 'मा.' म्हणजे लग्नपत्रिकेत माननीय, आणि शाळेच्या पाटीवर माध्यमिक. जागेपणी भोवतालचा मजकूर पाहून आपण बरोबर अर्थ लावतो. स्वप्नात मात्र भोवतालचा मजकूर पुसलेला असतो आणि एकटे अक्षर तेवढे उरते. मग ज्याला जो अर्थ सोयीचा, तो त्याला चिकटवता येतो.

आपल्या पूर्वजांनी स्वप्नांचा विचार केला नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, पाचव्या अध्यायात, स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. दृष्ट म्हणजे पाहिलेले, श्रुत म्हणजे ऐकलेले, अनुभूत म्हणजे अनुभवलेले, प्रार्थित म्हणजे इच्छिलेले, कल्पित म्हणजे मनाने रचलेले, भाविक म्हणजे पुढचे सुचवणारे, आणि दोषज म्हणजे शरीरातले वात-पित्त बिघडल्याने पडणारे. आता चरकांचे म्हणणे लक्षात घ्या. ह्या सातांपैकी पहिले पाच प्रकार निष्फळ आहेत, म्हणजे त्यांतून पुढच्या घटनेचे फळ काढू नये, असे ते स्पष्ट सांगतात. भाविक स्वप्नाला त्यांनी जागा ठेवली आहे हे खरे. पण पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले, मागितलेले आणि कल्पिलेले इतके सगळे वजा केल्यावर हाती किती उरते, ते तुम्हीच ठरवा. आणि आपल्या घरोघरच्या आज्यांनी हेच शास्त्र चार शब्दांत सांगून ठेवले आहे: मनी वसे ते स्वप्नी दिसे.

इथे कोणी विचारील, "मास्तर, तुकोबांना स्वप्नातच गुरुमंत्र मिळाला, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन 'रामकृष्णहरि' हा मंत्र दिला, हे तुकोबांनी आपल्या अभंगांतच सांगितले आहे. तो त्यांच्या श्रद्धेचा अनुभव आहे, त्याची चिकित्सा करण्याचा माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट वारकरीही मान्य करील. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी होती आणि जे रात्रंदिवस नामस्मरणात बुडाले होते, त्यांच्या स्वप्नात तो मंत्र आला. आणि तुकोबांनी त्याचा अर्थ कोणाला पैसे देऊन विचारला नाही. तो जगून दाखवला.

तसेच गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे. त्यांचा काळ १८८७ ते १९२०. नामगिरी देवी आपल्याला स्वप्नात सूत्रे सुचवते, असे ते म्हणत. एका स्वप्नात रक्ताच्या धारांचा पडदा दिसला, त्यावर एक हात गणिताची सूत्रे लिहीत गेला, आणि जागे होताच आपण ती उतरवून काढली, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. आता गणिताची सूत्रे म्हणजे तरी काय? अक्षरे आणि खुणाच. पण हा माणूस दिवसभर पाटीवर तीच सूत्रे मांडीत आणि कोपराने पुशीत असे. आणि त्यांच्या सूत्रांचाही जागेपणी ताळा घ्यावाच लागला. बहुतेक सूत्रे खरी, काही तर अलौकिक ठरली. परंतु मूळ संख्यांविषयीची त्यांची सुरुवातीची काही विधाने चुकीची निघाली, हे त्यांचे चाहते प्राध्यापक हार्डी यांनीच लिहून ठेवले आहे. रामानुजनांच्या स्वप्नाला ताळा लागतो, तर तुमच्याआमच्या स्वप्नाला नको का?

आता थोडे अलीकडे येऊ. व्हिएन्ना शहरातले डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचे स्वप्नांवरचे पुस्तक १९०० साल छापून बाहेर पडले. त्यात त्यांनी स्वतःचे एक स्वप्न दिले आहे. ते २३ आणि २४ जुलै १८९५ च्या मधल्या रात्री पडले. त्यांची एक रुग्ण पुरती बरी झाली नव्हती. आदल्या दिवशी एका डॉक्टर मित्राने तसे बोलून दाखवले, ते फ्रॉइडना लागले, आणि रात्री उशिरापर्यंत ते तिच्या आजाराचा वृत्तांत लिहीत बसले. स्वप्नात तीच रुग्ण दिसली. तिला चुकीची सुई टोचली गेली होती, आणि त्या औषधाचे रासायनिक सूत्र डोळ्यांपुढे ठळक अक्षरांत छापल्यासारखे उभे राहिले. औषध होते ट्रायमिथिलअमीन. हे नाव कुठून आले? फ्रॉइडनी आठवून पाहिले. त्यांच्या एका जवळच्या मित्राने त्यांना ह्याच द्रव्याविषयीच्या आपल्या कल्पना पूर्वी सांगितल्या होत्या. शिवाय त्याच संध्याकाळी घरी भेट आलेल्या मद्याच्या बाटलीला उग्र रासायनिक वास येत होता. झाले! एक वास, एका मित्राचे बोलणे, आणि 'माझी तर चूक नाही ना?' ही रुखरुख. ह्यांतून ती ठळक अक्षरे तयार झाली.

फ्रॉइडची बरीच मते पुढच्या अभ्यासकांनी सोडून दिली. तरी एक रीत टिकण्यासारखी आहे. स्वप्नातल्या अक्षराचा अर्थ कोशात न शोधता ज्याला स्वप्न पडले त्यालाच विचारावे, की "हे पाहून तुला काय आठवते?"

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी आणि त्याचे गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांनी एक मोठा शोध जाहीर केला. असेरिन्स्कीने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवून रात्रभर यंत्रावर नोंदी घेतल्या होत्या. झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात, आणि अशा वेळी माणसाला उठवले तर तो बहुधा ठसठशीत स्वप्न सांगतो, असे दिसले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हिला 'रेम' झोप म्हणतात. हाही एक संक्षेपच! साधारण दीड दीड तासाने ही झोप येते, आणि मोठ्या माणसाच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा हिच्यात जातो. ह्या वेळी मेंदूचा भावना आणि चित्रे जागवणारा भाग जोरात चालू असतो, आणि तोलूनमापून विचार करणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. म्हणूनच स्वप्नात भीती मोठी वाटते आणि शंका मात्र येत नाही.

२००० साली अमेरिकेत रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना पडद्यावर ठोकळे रचण्याचा एक खेळ तीन दिवस खेळायला लावला. झोप लागता लागता पुष्कळांना तेच ठोकळे खाली पडताना दिसू लागले. विशेष म्हणजे, मेंदूच्या इजेमुळे ज्यांना खेळ खेळल्याचेही स्मरत नव्हते, अशा रुग्णांपैकी काहींनाही ते दिसले. म्हणजे आपल्याला आठवत नसले तरी डोळ्यांनी पाहिलेले मनात राहते आणि झोपेत वर येते. "मी हे अक्षर कधी पाहिलेच नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्याच वर्षी अर्नेस्ट हार्टमन ह्या अभ्यासकाने दाखवून दिले, की आपण जागेपणी कितीही लिहीत-वाचत असलो, तरी स्वप्नात वाचन, लेखन आणि हिशेब फार क्वचित येतात. आणि आले तरी अक्षर ठरत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले स्टीफन लाबर्ज हे स्वप्नातच 'हे स्वप्न आहे' असे ओळखू शकणाऱ्या लोकांचा अभ्यास करीत. त्यांनी एक साधी कसोटी सांगितली आहे: लिहिलेले एकदा वाचा, नजर फिरवा, पुन्हा वाचा. स्वप्नात असाल तर बहुधा मजकूर बदललेला असतो. तेव्हा सकाळी उठून आपण छातीठोकपणे सांगतो, की "मला 'म' दिसला," त्यातला अर्धा 'म' पुष्कळदा जागे झाल्यावर आपणच पुरा केलेला असतो.

मग सांगितलेले अर्थ खरे का ठरतात? ह्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. 'म' पासून मरण निघते, तसेच मंगल, मुलगा, मका, मामा, मुंबई आणि मोटार हेही निघते. आठवड्याभरात ह्यांतले काही ना काही घडणारच. मटक्याच्या आकड्याचेही तसेच. स्वप्नात दिसलेल्या अक्षराचा आकडा करून तो लावणारे लोक तुम्ही पाहिले असतील. शून्यापासून नवापर्यंत दहा आकडे. गावात दहा जणांना दहा वेगळे आकडे सुचले, तर एकाचा लागायचाच. तो चावडीवर ओरडून सांगतो, की स्वप्न खरे झाले. बाकीचे नऊ जण घरात गुपचूप बसतात, कारण बायकोच्या डब्यातले पैसे गेलेले असतात. गावाला ऐकू येतो तो एकाचाच आवाज.

गुरुजनांसाठी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाने परीक्षेचा शेवटचा पेपर दिलाच नाही. हुशार मुलगा. विचारले तेव्हा रडत म्हणाला, "सर, स्वप्नात फळ्यावर माझा नंबर होता आणि पुढे 'ना.' लिहिलं होतं. नापास होणार तर बसून काय करू?" त्याचे वर्ष गेले. पुढे एकदा त्याच्याबरोबर वसतिगृहाच्या रस्त्याने चालत असता मला रस्त्याकडेच्या भिंतीवर मोठ्या तांबड्या अक्षरांत एका मंत्रिमहोदयांचे स्वागत रंगवलेले दिसले. नावाआधी 'ना.' म्हणजे नामदार! त्या भिंतीवरून तो मुलगा रोज जात येत होता. त्याच्या स्वप्नातला 'ना.' तिथूनच आला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण परीक्षेची भीती त्याची होती आणि अक्षर कुठून तरी उसने आले होते, एवढे नक्की. त्याने ते स्वप्न पेपराआधी कोणा शिक्षकाला सांगितले असते, तर वर्ष वाचले असते. त्याने सांगितले नाही, कारण आपण हसू अशी त्याला भीती होती. गुरुजी, मूल स्वप्न सांगू लागले तर हसू नका. एवढेच विचारा, की "बाळ, तुला सध्या कशाची काळजी वाटते?"

तेव्हा श्रोतेहो, स्वप्नात अक्षर दिसले आणि मनाला चुटपुट लागली, तर चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, मला नेमके काय दिसले? उठल्या उठल्या, कोणाशी बोलण्याआधी, ते कागदावर उतरवा. लिहिता येत नसेल तर घरच्या मुलाकडून लिहून घ्या. दुसरा, हे अक्षर मी गेल्या आठपंधरा दिवसांत कुठे पाहिले असेल? दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचे पुस्तक, एस.टी.ची पाटी, मोबाइलवरचा संदेश, सारे आठवा. तिसरा, सध्या मला घोर कशाचा आहे? आणि चौथा, अर्थ सांगणारा माझ्याकडून काय मागतो आहे? संक्षेपाचा अर्थ ज्याच्या दप्तरातला तो संक्षेप आहे, त्यालाच विचारावा. दवाखान्याचा डॉक्टरला, बँकेचा बँकेत, शाळेचा गुरुजींना. त्याला कोंबडा लागत नाही. आणि एकच भयंकर स्वप्न आठवडेच्या आठवडे पडून झोप उडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यावर उपचार आहेत, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता आबांकडे येऊ. मी त्यांना दुसराच प्रश्न विचारला. "आबा, इतक्यात कुठला जुना कागद पाहिलात का?" ते आधी नाही म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सोसायटीत गेलो व्हतो, पीककर्जाला. दरसाल दादाच जायचा. औंदा त्यो पडून हाय म्हनून म्या गेलो. तितल्या साहेबानं जुना उतारा काढला, त्याच्यावर बोट ठिवलं आन् म्हनला, तुमचं नाव कुठाय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? चार मान्सं व्हती. आलो परत."

सातबाराच्या उताऱ्यावर थोरल्या बंधूंच्या नावाआधी 'ए. कु. मॅ.' असे लिहिलेले होते. एकत्र कुटुंब मॅनेजर! वडील वारले तेव्हा आबा लहान होते. एकत्र कुटुंबाचा कारभारी म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव लागले, आणि तीस-पस्तीस वर्षे कोणी त्याकडे पाहिले नाही. कचेरीतल्या बोटाखालची ती तीन अक्षरे आबांच्या डोळ्यांत राहिली. अर्थ विचारायचा संकोच वाटला. घरी आले तर भाऊ आजारी. उद्या त्याचे बरेवाईट झाले आणि उताऱ्यावर फक्त पुतण्यांची नावे चढली, तर आपले काय, ही शंका मनात आली असेलच. पण भावाच्या उशाशी बसून तसे मनात आणणेही त्यांना पाप वाटले. जागेपणी दाबलेली ती काळजी रात्री कागद होऊन पुढे आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तलाठ्याकडे गेलो. जुन्या फेरफाराची नक्कल काढली. तिच्यात वडिलांचे सगळे वारस नावानिशी होते, आबा आणि त्यांच्या दोन बहिणीसुद्धा. थोरल्या बंधूंना सांगितले, तेव्हा ते अंथरुणावरूनच म्हणाले, "अरं, हे मला आधी का न्हाई बोललास?" आणि त्यांनी स्वतः अर्जावर अंगठा दिला. पुढे रीतसर नोटिसा निघाल्या आणि आबांचे व बहिणींचे नाव लागले. शेळी दावणीलाच राहिली. थोरले बंधू आजही आहेत; उन्हाला बसतात, हळूहळू चालतात.

स्वप्नाने आबांना भविष्य सांगितले, असे कृपा करून समजू नका. ती काळजी आधीपासूनच होती, आणि सोसायटीत त्याच दिवशी "साहेब, हे ए. कु. मॅ. म्हणजे काय?" एवढे विचारले असते, तर तीन रात्रींची झोप वाचली असती. परवा आबा भेटले तेव्हा हसून म्हणाले, "मास्तर, उतारा लागला खरा, पर त्यो जाणत्याचा न्हवं, तलाठ्याचा!"

तुमच्याही घरी पेटीच्या तळाशी असा एखादा कागद असेल. त्यावरची न समजणारी अक्षरे उद्या दिवसाउजेडी कोणाला तरी विचारून घ्या.